ओढ्याच्या उतारावर बंद पडणारी लॉरी

आमची लॉरी बंद पडायची ती एकाच जागी. गावातून हुमनाबादच्या बाजाराकडे निघालं की पुढं एक ओढा लागतो. रस्ता ओढ्यात सरळ उतरत नाही, जाताना असो की येताना, डाव्या अंगाला कलून उतरतो. गुडघा दुखणारं माणूस पायऱ्या उतरतं तसा. उताराच्या तळाशी, पाण्याला लागून निंबाखाली मरीआईचं ठाणं आहे, शेंदूर फासलेले चार दगड. बरोबर ठाण्यासमोर आली की लॉरी एक आचका द्यायची आणि गप्प व्हायची. इंजीन गप्प, हॉर्न गप्प, दिवे गप्प. मग अण्णा खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि जळालेला फ्यूज काढून सदऱ्याला पुसायचा. पुसून फ्यूज दुरुस्त होत नसतो, पण हाताला काही काम पाहिजे.

लॉरी म्हटलं म्हणून आजच्या वाचकाने मोठा ट्रक डोळ्यांपुढं आणू नये. पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा आणि मागं फळ्यांचा उघडा हौदा. आता अशा गाडीला पिकअप म्हणतात. मोठी लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, त्यात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली. बैलांची एक चांगली जोडी आणि पांदीकडचा जमिनीचा तुकडा तिच्यासाठी गेला. आमच्या आणि आसपासच्या गावांत तशी गाडी दुसरी नव्हती. तूर, गूळ, ज्वारी भरून बाजार गाठायचा आणि येताना मीठ-रॉकेल आणायचं, असा अप्पांचा बेत होता. माझा थोरला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणायचो, तो शेत सोडून ड्रायव्हर झाला.

आणि मी त्याच साली बी. एस्सी. होऊन हैदराबादेहून परत आलो. हे मी मुद्दाम सांगतो, आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. आजोबांना अंगठा कुठं लावायचा ते दुसरा दाखवायचा. शहरातल्या कॉलेजात सायन्ससुद्धा उर्दूतून शिकवत. वीज म्हणजे ‘बर्क़’, तिची दोन तोंडं, धन आणि ऋण, म्हणजे ‘मुसबत’ आणि ‘मनफी’. घरात मराठी, सोयऱ्यांत कानडी आणि परीक्षेत उर्दू, असं तिन्ही घाटांचं पाणी पिऊन मी पास झालो होतो. नोकरीचा हुकूम यायचा होता. तोवर मी घरी बसून होतो आणि अप्पा येईल त्याला सांगत होते, “आमचा धाकटा बी. एस्सी. हाय. गाडीचं बघंल की तो.”

पण गाडीचं प्रकरण नुसतं गाडीचं राहिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते लिहायला बसलोय.

अण्णाचं लग्न लॉरीपाठोपाठच झालं. मुलगी कडगंचीकडची, आळंदच्या अंगाची, घरात कानडी बोलणारी. आमच्यासारखीच बसवण्णांना मानणारी माणसं; गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. भाषा वेगळी असली तरी सोयरीक जुन्या ओळखीतली होती. वऱ्हाड बैलगाड्यांनी गेलं, पण नवरी आणायची ती लॉरीतून, असा अण्णाचा हट्ट. सगळा गाव वेशीत उभा होता. वैनी पुढच्या सीटवर, अण्णा चाकावर, मागं हौद्यात आम्ही आणि वाजंत्री. येताना लॉरी ओढा उतरली, आचका दिला आणि मरीआईसमोर पहिल्यांदा बंद पडली. नवी नवरी हिरव्या शालूत चालत गावात आली. चपला हातात घेऊन, कारण ओढ्याला पाणी होतं.

मायनं, म्हणजे माझ्या आईनं, त्या दिवशी काही म्हटलं नाही. माप ओलांडून घेतलं, ओवाळलं. पण पुढच्या बाजाराला लॉरी पुन्हा तिथंच बसली, त्याच्या पुढच्या बाजारालाही. कधी चार खेपा नीट जायच्या, पाचवीला बसायची. मग शेजारणी पाणी भरताना बोलू लागल्या आणि त्यांचं बोलणं घागरीबरोबर घरात आलं. लॉरी आली तेव्हा दोन आठवडे धड चालली होती ना? मग बिघडली कधी? नवरी बसली तेव्हा. पांढऱ्या पायाची, असं आमच्याकडं म्हणतात. ज्या बाईच्या पावलानं घरात नुकसान येतं तिला. मायनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा वैनी चुलीपुढं होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मला त्या शब्दाचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. माय म्हणाली, “शिकलास म्हणून सगळं कळतंय व्हय? मग कळतंय तर सांग की, तिथंच कामून बसायलीय ती.”

मी उठून लॉरीचं बॉनेट उघडलं.

त्या गाडीत एकच फ्यूज होता, सगळ्या गाडीला मिळून. काचेची बोटाच्या पेराएवढी नळी, आत केसासारखी तार. कुठंही वीज आडवाटेनं पळाली की ती तार वितळते आणि पुढचं सगळं बंद होतं. ती जळते म्हणून बाकीची गाडी जळत नाही. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. आणि हेही माहीत होतं, की गाडीला घरासारख्या दोन तारा नसतात. एक तार जाते; परत यायला गाडीचं लोखंडच वाट देतं. म्हणजे कुठल्याही तारेवर गुंडाळलेलं कापड झिजून तांबं लोखंडाला लागलं, की आडवाट तयार.

मी बॅटरी बघितली, तिची टोकं घासून चकचकीत केली. इंजिनाकडची एकेक तार हाताखालून घातली, जिथं कापड विरलं होतं तिथं मेणकापड गुंडाळलं. अंगणात इंजीन चालू करून तासभर उभं केलं. हॉर्न वाजवून गल्लीतली कुत्री पळवली. फ्यूजला काही झालं नाही. अप्पा खुश झाले. दुसऱ्या दिवशी बाजाराला गुळाच्या ढेपा घेऊन निघालो आणि ठाण्यासमोर लॉरीनं आचका दिला.

माल एका व्यापाऱ्याचा होता. तो हौद्यात ढेपांवरच बसलेला होता. तो तिथूनच म्हणाला, की बी. एस्सी.पेक्षा माझा बैल बरा, त्याची शेपटी पिळली तर निदान चालतोय. लोक हसले. अण्णा हसला नाही.

अण्णानं तेव्हा एक वाईट उपाय केला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी खोचली. हुमनाबादला पोचेपर्यंत डॅशबोर्डामागून धूर यायला लागला, जळक्या कापडाचा वास. मी हात घालून चांदी उपटली, बोटं भाजली. हुमनाबादच्या अड्ड्यावर एक मिस्त्री होता, बस-लॉऱ्यांचं काम करणारा. त्यानं नवा फ्यूज बसवला आणि घाईत दुसऱ्या गाडीखाली शिरता शिरता म्हणाला, “फ्यूजकू गाली नक्को देव मियाँ. गरीब खुद जलको घर बचाता. आग कौन लगाया सो देखो.” त्याला बघायला वेळ नव्हता. पण पुढं कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या कानात राहिलं, आणि प्रत्येक वेळी मला लॉरीच आठवायची असं नाही.

लोक आमच्या लॉरीत माल भरीनासे झाले. हैदराबाद संस्थानात दिवस तसेही बरे नव्हते. पेट्रोल परवान्यावर, रस्त्यावर ठिकठिकाणी अडवाअडवी, कोण कुणाचा माणूस याची चौकशी. भरल्या मालासकट उतारावर अडकून पडायचं धाडस कोण करणार? अप्पांचा आवाज कमी झाला. ते जेवताना ताटाकडं बघत जेवू लागले. आणि एका सकाळी मायनं त्यांच्याकडून वदवून घेतलं: सुनेच्या भावाला निरोप पाठवायचा, पोरीला घेऊन जा. ‘काही दिवसांसाठी’ असं म्हटलं होतं. आमच्याकडं असे ‘काही दिवस’ कसे वाढत जातात ते सगळ्यांना माहीत होतं. गावातच एक बाई अशा काही दिवसांसाठी माहेरी आलेली होती, तिचे केस पांढरे झाले होते.

मी अण्णाला गोठ्यात गाठून विचारलं, तुझी बायको आहे, तू गप्प का? तो वैरणीची पेंढी सोडत म्हणाला, “तम्मा, गाडी माझ्या हातात बंद पडायलीय. म्या काय तोंडानं बोलू?” आमच्याकडं धाकट्या भावाला लाडानं तम्मा म्हणतात. त्या दिवशी त्यात लाड नव्हता.

निरोप घेऊन माणूस कडगंचीला गेला. वैनीचा भाऊ येईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढाच माझ्या हातात होता.

त्या दुपारी मी वैनीला विचारलं. ती परसात भांडी घासत होती. मी विचारलं, लग्नाच्या दिवशी तुम्ही पुढं बसला होता. गाडी बंद पडायच्या आधी काही दिसलं का, वास, ठिणगी, आवाज? तिनं राखेचा हात थांबवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “भावजी, लोखंडाला माणसाचे पाय कळत्यात?”

मी म्हणालो, नाही कळत.

“मग झालं,” ती म्हणाली. भांडं विसळता विसळता, आणखी हळू आवाजात म्हणाली, “मला इचारू नका. म्या शपथंत हाय.”

मला वाटलं, अण्णानं काही शपथ घातली असेल. नवरा-बायकोतलं असेल म्हणून मी पुढं विचारलं नाही. पण एक गोष्ट तिनं माझ्या डोक्यात घातली. लोखंडाला पाय कळत नाहीत. मग त्याला काय कळतं? उतार कळतो. लॉरी ठाण्यासमोर बंद पडत नव्हती, ती डाव्या अंगाला कलल्यावर बंद पडत होती. सगळ्या वाटेवर तेवढी कललेली दुसरी जागाच नव्हती. अंगणात ती सपाट उभी राहायची, म्हणून अंगणात शहाणी. काहीतरी सैल होतं, लोंबत होतं, आणि कलल्यावर कुठंतरी जाऊन टेकत होतं. खेपेला टेकायचं, खेपेला चुकायचं.

वैनीचा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. बैलगाडीनं आला होता. धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. कट्ट्यावर बसला, पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. आत वैनीचं बोचकं बांधून तयार होतं. माय अंगणाच्या कडेला सुपात तूर पाखडत बसली होती, पाहुण्याकडं पाठ करून. सुपाचा फटफट आवाज तेवढा चालू होता.

मी अप्पांना म्हणालो, जेवणं होईपर्यंत तरी पाहुण्याला थांबवा. आणि अण्णाला म्हणालो, लॉरी काढ.

मी फ्यूज काढला आणि त्याच्या जागी समोरच्या दिव्यातला एक बल्ब तारांनी जोडून तो बॉनेटवर ठेवला. यात जादू काही नाही. फ्यूज असता तर वीज आडवाटेनं पळाल्याबरोबर जळून गेला असता, आणि आपल्या हाती फक्त काळी काच आली असती. बल्ब जळत नाही, पेटतो. आणि आडवाट सुरू आहे तोवर पेटलेला राहतो. म्हणजे चोर घरात आहे तोवर घंटा वाजत राहते.

गाडी बंद, दिवे बंद, बल्ब काळा. फ्यूजवाचून इंजीन चालावं म्हणून त्याला बॅटरीवरून वेगळी तार मी तात्पुरती जोडली होती. मग अण्णानं उजवी चाकं अंगणाच्या मातीच्या बांधावर चढवली. बल्ब जागचा हलणार नाही असा मी हातानं धरला होता. चाकं वर गेली, लॉरी डाव्या अंगाला कलली, ओढ्यात कलते तशी. अण्णानं इंजीन बंद केलं.

बल्ब पेटला.

दिवसाउजेडी तो पिवळा दिवा बॉनेटवर पेटलेला मी अजून विसरलो नाही. परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. अप्पा जवळ आले. पाहुणाही कट्ट्यावरून उठून आला. गाडी बंद आहे, मग हा कुणाच्या जिवावर पेटलाय, असं अप्पांनी विचारलं. मी म्हणालो, तेच शोधायचंय.

मी एकेक तार सोडवत गेलो. दिव्यांची तार सोडली, बल्ब तसाच. मागच्या दिव्याची सोडली, तसाच. हॉर्नची सोडली आणि बल्ब विझला. पुन्हा जोडली, पेटला. म्हणजे चोर हॉर्नच्या तारेवर होता. ती तार डॅशबोर्डामागून हातातल्या, म्हणजे स्टिअरिंगच्या, चाकाच्या दांड्याजवळून जायची. मी सीटखाली उताणा शिरलो. वरती तारांचा जुडगा, काळा, तेलकट. आधीही दोनदा मी तिथं पाहिलं होतं आणि जुडग्यापलीकडं मला काही दिसलं नव्हतं. या वेळी बोटानं चाचपत गेलो. दांड्याच्या मागच्या अंगाला बोटाला गुळगुळीत काहीतरी लागलं, आणि ते लागताच अण्णा वरून म्हणाला, “विझला.” बोट काढलं. “पेटला.”

मी ते ओढून काढलं.

बिब्बा होता. काळा, वाळलेला, मधोमध भोक पाडून तांब्याच्या बारीक तारेत ओवलेला. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या लेकरांच्या कमरेला, दुभत्या म्हशींच्या गळ्यात बांधतात तसा. तारेचं एक टोक चाकाच्या लोखंडी दांड्याला पिळलेलं, दुसरं तारांच्या जुडग्याला वेढलेलं. वेढ्याखालचं जुनं कापड झिजून गेलं होतं. सपाटीवर बिब्बा सरळ लोंबायचा. कलल्यावर ओढला जायचा आणि तांबं तांब्याला टेकायचं. बिब्बा गाडी सांभाळत होता, आणि त्याच्याच तारेतून गाडीची वीज लोखंडात पळत होती.

मी तो तळहातावर घेऊन बाहेर आलो. अप्पांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरात असलं काही चालत नाही, निदान अप्पांच्या समोर तरी नाही. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं दुसऱ्या कशाला राखण मागायची नाही, असं ते कडक होते.

“ही करणी हाय,” ते म्हणाले. “कुणी केली?”

अण्णानं वळून बघितलं. दारात वैनी उभी होती, बोचकं हातात. अण्णानं तिच्याकडं बघितलं, म्हणून अप्पांनी बघितलं. आणि ते बघतात म्हणून तिच्या भावानंही बघितलं. क्षणात सगळ्यांचे डोळे तिच्यावर गेले. पांढऱ्या पायापेक्षा हे वाईट होतं. पाय घेऊन माणूस जन्माला येतं. करणी माणूस करतं. आता ती काही दिवसांसाठी गेली नसती. वैनीनं मान खाली घातली.

सुपाचा आवाज थांबला होता.

मी तारेकडं बघत होतो. ती तार मी ओळखत होतो. कॉलेजात असताना शहरातून मी एकदा तांब्याच्या तारेचं रीळ आणलं होतं, आणि मायच्या सुपाची कड उसवली होती ती मीच त्या तारेनं आवळून दिली होती. मायला ती फार आवडली होती, सगळ्यांना दाखवायची. आता तिच्या मांडीवरचं सूप मी बघितलं. कडेला सुतळी होती.

मी म्हणालो, “अप्पा, ही तार म्या आणलेली हाय. मायच्या सुपाला होती.”

माझ्या बोलण्यानं माझ्या आईची मान खाली जाईल हे मला कळत होतं. न बोलण्यानं कुणाची जाईल हेही कळत होतं.

मायनं सूप बाजूला ठेवलं. तुरी नीट एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, “व्हय. म्या बांधली. लग्नाच्या दिवशी.”

अप्पा म्हणाले, “गळ्यात लिंग बांधून?”

“लिंग माझ्या गळ्यात हाय. गाडीच्या गळ्यात काय हाय?” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “बैल खड्डा बघून थांबतोय. हिला डोळे न्हाईत. समदा गाव वेशीत उभा, समद्यांची नजर माझ्या लेकावर आन् सुनेवर. दोरा इंजिनाच्या धगीनं जळंल म्हणून तार घेतली. राखण बोललं की उतरतंय, म्हणून बोलले न्हाई.”

असा आमच्याकडं समज आहे. राखण गुपचूप बांधायची आणि तोंडातून काढायची नाही. काढली की तिचा गुण गेला. त्यामुळं आम्ही सगळे आग शोधत हिंडत होतो, आणि जिनं ती लावली होती ती प्रत्येक खेपेला मनात म्हणत होती, की बरं झालं बिब्बा आहे, नाहीतर लॉरी नुसती बंद पडली नसती, उलटली असती. आणि बिब्बा असूनही बंद पडते, म्हणजे घरात आलेलं पाऊल किती जड असेल.

तेव्हा वैनी बोलली. “मला ठावं होतं.”

अण्णा म्हणाला, “काय ठावं होतं?”

“बिब्बा. येताना माझ्या गुडघ्याला लागायला होता. अत्तींना म्या इचारलं, तर तुमच्या जिवाची शपथ घातली, बोलायचं न्हाई म्हणून.” सासूला ती कानडी पद्धतीनं अत्ती म्हणायची. “त्यानं गाडी बंद पडायलीय हे मला कुठं ठावं? म्या म्हटलं, बोलले तर तुमच्यावर येईल. न बोलले तर माझ्यावर. माझ्यावर येऊ दे.”

अंगणात बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. बल्ब अजून बॉनेटवर होता, आता विझलेला. अप्पा पाहुण्याला म्हणाले, की झालं ते झालं, तुमची बहीण इथं राहू द्या, बैल सोडा, जेवून जा. पाहुण्यानं बहिणीकडं बघितलं आणि तिला कानडीत एवढंच विचारलं, तू काय म्हणतेस, तंगी. तंगी म्हणजे धाकटी बहीण.

वैनीनं बोचकं खाली ठेवलं नाही. ती अप्पांना म्हणाली, “मामाजी, सकाळी मला तुम्ही पाठवायला होता. आता तुम्ही पाठवायला न्हाईत, म्या जायलेय. न्यायला या, म्या येते. पण बैलगाडी घेऊन येऊ नका. लॉरीच घेऊन या, आन् अत्तींना म्होरं बसवून आणा.”

मायकडं तिनं बघितलं नाही. मायनंही नाही. बैलगाडी गेली तेव्हा अण्णा वेशीपर्यंत मागं चालत गेला आणि तसाच परत आला.

त्यानंतर लॉरी एकदाही ओढ्यावर बंद पडली नाही. लोक पुन्हा माल भरू लागले. गावात बोललं गेलं, की आम्ही मरीआईला गुपचूप कोंबडं दिलं. आमच्या घरात कोंबडं कुणी शिवत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी बोललं गेलं. मी भेटेल त्याला आडवाट आणि तांब्याची तार समजावून सांगितली. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, ते खरंच, पण कोंबडं दिलंत ते बरं केलंत.

घरात मात्र काही दुरुस्त झालं नव्हतं. अप्पा मायशी कामापुरतं बोलत. अण्णा बाजाराहून आला की लॉरी धूत बसायचा, नको तेवढी. माय एकटी भाकरी करायची आणि वैनीचं ताट, वाटी, तांब्या जागच्या जागी ठेवायची, रोज घासून. लॉरीत बसून सुनेला आणायला जायचं म्हणजे सगळ्या गावासमोरून जायचं, आणि कशासाठी ते सगळ्या गावाला माहीत होतं. पंचमी आली आणि गेली. कुणी विषय काढला नाही. माझ्या नोकरीचा हुकूम आला. मी जायची तयारी करू लागलो, आणि मला वाटलं, हे असंच राहणार.

एका सकाळी अण्णा लॉरी काढत होता तेव्हा माय येऊन पुढच्या सीटवर बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून. कुठं जायचं ते तिनं सांगितलं नाही, अण्णानं विचारलं नाही. मला म्हणाली, तूही चल. मी तिच्या शेजारी बसलो. वेशीत माणसं होती. मायनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पण मान खाली घातली नाही.

गाव मागं पडल्यावर तिनं मूठ उघडली. मुठीत एक बिब्बा होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला. ती हळूच म्हणाली, “दोऱ्याला चालतंय का रे?”

कॉलेजातून आलेला माणूस म्हणून मला खूप बोलता आलं असतं. मी म्हणालो, “चालतंय. दोऱ्यातनं बर्क़ जात न्हाई.” आणि तारांपासून लांब, दाराच्या कडीला तो मीच बांधून दिला. अण्णा समोर बघत गाडी चालवत राहिला. अप्पांना हे आम्ही कुणी कधी सांगितलं नाही.

कडगंचीला वैनीच्या दारात लॉरी उभी राहिली. माय खाली उतरली. माफीबिफी असलं बोलणं आमच्या घरात कुणाला येत नव्हतं. ती म्हणाली, “चल. मला आता एकटीनं भाकरी होईनात.” वैनी उंबऱ्यातून खाली उतरली. मग ती लॉरीपाशी आली, आधी वाकून चाकाच्या दांड्यामागं बघितलं, हात घालून चाचपलं. मग तिला कडीचा बिब्बा दिसला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “दोरा हाय, वैनी.” तेव्हा ती आत जाऊन बोचकं घेऊन आली.

परतीला मी मागं हौद्यात उभा होतो. फळीच्या फटीतून पुढची सीट दिसत होती. अण्णा, मधे वैनी, कडेला माय. लग्नाच्या दिवशी आलो होतो त्याच वाटेनं आलो. ओढा आला. अण्णानं वेग कमी केला, लॉरी उतारावर कलली, निंबाचं झाड जवळ आलं. इंजीन चालूच होतं. मायनं पुढचा दांडा धरला. आणि वैनीनं लॉरीच्या लोखंडावरून आपले दोन्ही पाय उचलले, सीटवर पोटाशी घेतले, आणि ओढा पार होईपर्यंत खाली टेकवले नाहीत.

मायनं ते बघितलं. मीही.